पावणीतली साडी

सगुण गावसांच्या करदोट्याला एक किल्ली बांधलेली असे. आंघोळीला जातानाही ती सुटत नसे. किल्ली माजघरातल्या लोखंडी कपाटाची, आणि माजघरात दिवसभर वावर त्यांच्या बायकोचा, जानकीचा. पण लग्न होऊन ती गोव्यातल्या डिचोलीजवळच्या या गावात आली तेव्हापासून त्या कपाटाचं दार तिने स्वतःच्या हाताने कधी उघडलं नव्हतं. साखर संपली की ती बाल्कांवाच्या, पुढच्या ओसरीच्या, दारात येऊन उभी राहायची.

"साखर व्हयी."

"गेल्या आयतवारी हाडलेली ती खंय गेली?"

"संपली."

"संपता कशी? साखरेक पाय फुटतत?"

मग सगुणबाब पेपर घडी करून ठेवायचे, उठायचे, कमरेशी चाचपायचे. कपाट उघडताना पाठ तिच्याकडे. पुन्हा कुलूप, कुलूप दोनदा ओढून पाहणं, आणि मग तिच्या तळहातावर नेमके पैसे. उभा जन्म हा संवाद चालला. जानकीला कधी वाटलं नाही की यात काही दुखण्यासारखं आहे. रोज त्याच दगडावर ठेच लागली की पाय घट्ट होतो.

ते वाईट माणूस नव्हते, असं गाव म्हणायचं. दारू नाही, मारहाण नाही. फक्त हात घट्ट. मासे आणायला दुपार टळून गेल्यावर जायचे, जेव्हा कोळणी टोपल्या आवरायला लागतात आणि उरलेले बांगडे मिळेल त्या भावात देतात. पाव विकणाऱ्या पोदेराकडून उंडे घ्यायचे तेही आदल्या दिवशीचे. जानकीचं लग्नातलं सोनं त्यांच्या पहिल्या ट्रकात गेलं, आणि ट्रक विकल्यावर ते परत आलं नाही. तिची आई वारली तेव्हा पेडण्यातल्या पार्सेला जायला त्यांनी बसचं भाडं दिलं, ते जाण्यापुरतं. "येताना तुझो भाव दितलो," म्हणाले.

पण अक्कल पैशाची. शिरगावच्या खाणी धडाक्यात चालू होत्या तेव्हा त्यांचे दोन ट्रक धक्क्यापर्यंत खनिज ओढत होते. खाणी बंद पडल्या, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही ट्रक विकून टाकले. ज्यांनी घेतले त्यांच्या अंगणात ते गंजून गेले, हौद्यांत पावसाचं पाणी साचून बेडूक झाले. तेव्हापासून गावात बोललं जायचं, सगुणबाबाला वारा आधी कळतो. रस्त्यावरची दोन दुकानं भाड्याने, नदीच्या काठी माड-पोफळीचं मोठं भाट, बँकांतल्या ठेवी. नेमकं काय आणि किती, ते फक्त कपाटाला ठाऊक. एकुलता मुलगा साईश वेर्णा इथल्या कारखान्यात नोकरीला, बायको पल्लवीला घेऊन मडगावला राहायचा. त्यालाही काही माहीत नव्हतं. विचारायची छाती नव्हती.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात पावणी होते. देवीपुढे आलेल्या वस्तूंचा लिलाव. नारळ, केळ्यांचे घड, तवशी, कुणाच्या परसातला पहिला फणस. जो चढी बोली करील त्याला देवीचा प्रसाद घरी न्यायचा मान. सगळ्यात शेवटी देवीच्या अंगावरची साडी. ज्या घरात ती जाते त्या घरची बाई वर्षभर बारशाला, लग्नाला तीच नेसते आणि कुणी न विचारता सांगते, "ही पावणीतली हां." जानकी दरवर्षी खांबाशी बसून त्या साडीकडे बघायची. सगुणबाब पलीकडे पुरुषांत, हात पाठीमागे बांधून. ते हात पावणीत कधी पुढे आले नाहीत.

आणि मग एका वर्षी आले.

पावणीची बोली पुकारायचं काम जयरामचं. आवाज मोठा, जीभ तिखट. एरवी तो डिचोलीत जमिनींची दलाली करायचा. साडी उचलून त्याने हाक दिली, कुणी दीड हजार म्हणालं, कुणी दोन, आणि पुरुषांतून शांत आवाज आला, "तीन."

जयरामने मान वळवून पाहिलं. "कोण? सगुणबाब? सूर्य खंयसून उगवलो आज?"

मंडप हसला. सगुणबाबही हसले, लहान मुलासारखे. "पुकार तू. एक फावट, दोन फावट कर."

तीन फावट झालं. ते साडी घेऊन सरळ बायकांच्या बाजूला आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी ती जानकीच्या मांडीवर ठेवली. "घे गो. तुका हाडलंय."

शेजारची सुमंगला कोपराने ढोसत म्हणाली, "जानकीवयनी, घोव बदललो काय गो तुझो?" जानकीने साडी छातीशी धरली. साडीला कापराचा, अबोलीचा वास होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, या वयात.

त्यानंतरचे दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. हे खोटं म्हणायचं कारण नाही. शुक्रवारी सकाळी सगुणबाब जिवंत फडफडणारी चणक घेऊन आले. "तळ. जाड तुकडे कर," म्हणाले. केसांत माळायला बाजारातून अबोलीचे वळेसार आले. माजघराला नवा पंखा आला, जनेलांना नवी तावदानं आली. एका संध्याकाळी कागदाच्या पुडीतून सोन्याच्या दोन बांगड्या निघाल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन त्या घालायचा खटाटोप केला. बोटं जाड, बांगड्या लहान. साबण लावून चढवल्या. काचेच्या होत्या त्यांतल्या दोन फुटल्या, आणि दोघंही हसली.

सकाळी पोदेर सायकलवरून यायचा. सगुणबाब त्याला पैसे देत, आत येत, पेपर उचलत, पुन्हा बाहेर जात आणि पुन्हा पैसे देत. पोदेर पहिल्या दिवशी बावरला. दुसऱ्या दिवशी त्याने जानकीकडे पाहिलं. तिने नजर वळवली, तसा त्याने पैसे खिशात घातले. मग कोळीण, रिक्षावाला, फुलवाली, सगळ्यांनाच वाट सापडली. भिंतीला भोक पडलं की मुंगी मुंगीला सांगते.

जानकीने हे बघितलं नाही असं नाही. बघितलं आणि त्याला नाव दुसरं दिलं. हात सैल झाला, म्हातारपणी देवाने बुद्धी दिली, असं ती सुमंगलेला सांगायची. आणि खरं सांगायचं तर तीही त्या भोकाशी गेलीच. आता साखर मागावी लागत नव्हती. "भावाच्या घराचा छप्पर गळता," असं ती एकदा जेवताना म्हणाली, आणि सगुणबाबनी हात धुवून नोटांचा जुडगा काढून दिला. मोजला नाही. दुसऱ्या आठवड्यात ते छप्पर तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांनी पुन्हा तितक्याच मायेने पैसे दिले. त्या रात्री तिला जरा वेळ झोप लागली नाही. मग लागली.

साईश रविवारी आला. जेवताना बापाने त्याला तीनदा विचारलं, "मडगावसून बशीन इलस?" चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्याने आईकडे पाहिलं.

"आई, बाबांचं काय चाललंय?"

"काय चालतला? बापूस देवमाणूस झालो, ता तुका बघवत नाय."

तरी तो ऐकेना. डिचोलीला एका डॉक्टरबाईकडे दोघांना घेऊन गेला. बाई तरुण, बोलणं गोड. तिने सगुणबाबना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी वर्तुळ छान काढलं, पण आकडे सगळे एकाच बाजूला कोंबले, जसे बसच्या दारात माणसं. मग कागद सरकवून म्हणाले, "घड्याळ बघूचा आसात तर भिंतीर टांगलेला आसा." बाई हसली. साईश हसला नाही.

"घरातले पैशाचे व्यवहार कोण बघतं?" बाईने जानकीला विचारलं.

"तेच."

"चुका होतात? एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देणं, दिलेलं विसरणं?"

जानकीच्या डोळ्यांपुढे पोदेराची सायकल आली. छप्पर आलं. मनगटातल्या बांगड्या तिने पदराखाली घेतल्या. किल्ली मुलाकडे गेली की काय होईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पल्लवी चांगली मुलगी, पण साखरेसाठी उभं राहायचं ते दार आता सुनेचं.

"नाय," ती म्हणाली. "पैशात तेंची चूक कधीच नाय."

बाई साईशकडे वळली. "या विसरण्याच्या आजारात माणूस बोलतो-चालतो तसाच असतो, म्हणून घरच्यांना कळत नाही. पैसा आधी जातो, माणूस मागाहून. एकदा बँकेत जाऊन तुम्ही सगळं बघून घ्या. किल्ली त्यांच्याकडे ठेवू नका."

घरी आल्यावर साईशने विषय काढला. जानकीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि इतकंच म्हणाली, "बापूस जितो आसताना किल्ली मागतस?"

त्या वाक्यापुढे त्याचं काही चाललं नाही. कान लाल करून तो गाडीत बसला आणि बरेच रविवार आला नाही. जानकीला वाटलं, जिंकली.

पुढच्या जत्रेला ती पावणीतली साडी नेसून गेली. बांगड्या दिसतील असा पदर घेतला. बायकांनी तिला पुढे जागा करून दिली. शेवटी साडी निघाली, हिरवीगार, लाल काठाची. जयरामने हाक दिली. कुणी पाचशे म्हणतंय तोवर सगुणबाब उठून उभे राहिले.

"पाच हजार."

मंडपातल्या माना वळल्या. एवढ्याला त्या साडीच्या वाटेला कुणी जाणार नव्हतं.

"पाच हजार, एक फावट," जयराम म्हणाला.

"सात," सगुणबाब म्हणाले.

"सगुणबाब, पाच तुमचीच बोली. तुमच्याआड कोण नाय."

"सात म्हण!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. जयरामने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. देवस्थान समितीची दोन माणसं खांबाला टेकून उभी होती, तीही हसत होती. मग त्याच्या आवाजाला धार आली. "सात हजार! सगुणबाब गावस सात हजार! आसा कोण माईचो पूत?"

"धा!" मागच्या पोरांतून कुणी ओरडलं, नुसत्या गमतीला.

"पंधरा!" सगुणबाब.

"पंधरा, एक फावट—"

"वीस!" पुन्हा सगुणबाबच. आता सगळा मंडप हसत होता. माणसं पोट धरत होती. सगुणबाब मान इकडून तिकडे फिरवत होते, डोळ्यांत तोच जुना चाणाक्षपणा, अदृश्य कुणा गिऱ्हाइकाला हरवायचा. पोरं टाळ्या वाजवायला लागली. "पंचवीस! तीस!" ते स्वतःवरच चढत गेले. धोतराचा सोगा सुटून पायात आला होता.

जानकीला तेव्हा सगळं कळलं. कळायचं बाकी काही नव्हतंच, पण आता डोळे मिटायला जागा उरली नाही. सुमंगला पदर तोंडाशी धरून खाली बघत होती, तिचे खांदे हलत होते. माझ्या नवऱ्याला हसतात, एवढंच जानकीच्या डोक्यात राहिलं. त्यांना वेड लागलंय असं म्हटलं असतं, तर पावणी तिथेच मोडली असती. जयरामलाही ती मोडावी लागली असती. तेवढे चार शब्द बोलायचे होते. ती ते बोलली नाही. ती उठली, देवीकडे तोंड करून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"हसूं नकात. नवस आसा तेंचो."

हसणं सुरीने कापल्यासारखं थांबलं. दोन-चार म्हाताऱ्यांनी हात जोडले. सुमंगलेने पदर सरळ केला. जानकीची मान ताठ होती. अब्रू राखली.

जयरामने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचा आवाज एकदम मऊ, भक्तीचा झाला. "नवस आसा तर गोष्टच वेगळी. नवसाची बोली हजारांनी मोजूक जायना. सगुणबाब, देवीक लाख म्हणात?"

"लाख!" सगुणबाब ओरडले.

"लाख. एक फावट. दोन फावट. तीन फावट!" जयरामने साडी त्यांच्या खांद्यावर टाकली. "नवस मागे घेवक मेळना, वयनी. तुमका म्हायत आसाच."

तो आठवड्याने पैसे न्यायला आला. सगुणबाबनी कपाट उघडलं, आणि पाठ वळवायचं विसरले. जानकीने आयुष्यात प्रथमच आत पाहिलं. कागदांचे गठ्ठे, रबर बँड वितळून चिकटलेले, पुड्या, रिकामी पाकिटं, एक वाळलेला उंडा. सगुणबाब एकेक कागद काढून बघत, ठेवत, पुन्हा तोच काढत. कपाळावर घाम आला.

"कशाक डोक्याक त्रास करून घेतात?" जयराम चहा बशीत ओतून पीत म्हणाला. "न्हंयच्या काठचा माडांचा भाट आसा मां? झील मडगावात. नारळ कोण पाडता, पोफळी कोण शिंपता? माझ्याकडे दिल्लीचो माणूस आसा. देवीचा देवीक जायत, उरला तुमका राजासारखा."

"बरोबर," सगुणबाब म्हणाले. जानकीने रिकामी कपबशी उचलली.

गोव्यात नवरा-बायकोची मिळकत दोघांची असते. बायको सही करत नाही तोवर नवऱ्याच्याने एक माडसुद्धा विकवत नाही. हे जानकीला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नव्हती, कारण सगुणबाबनी कधी काही विकलंच नाही. ट्रक सोडले तर. नोंदणीच्या कचेरीत बाकावर बसल्यावर तिला कळलं, की ते भाट अर्धं तिचं आहे. लग्नाच्या दिवसापासून अर्धं तिचं होतं. साखरेसाठी दारात उभी राहायची तेव्हाही.

सगुणबाब त्या दिवशी छान होते. इस्त्रीचा सदरा, केस चोपून बसवलेले. नाव विचारलं, नाव सांगितलं. बापाचं नाव विचारलं, आजोबांचंही सांगितलं. सही झोकात केली; ती सही शेवटपर्यंत तशीच राहिली. मग कागद तिच्यापुढे आला. टेबलापलीकडच्या माणसाने नियमाप्रमाणे विचारलं, "बाई, तुम्ही हे स्वखुशीने विकताय ना? तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिची खुशी विचारत होतं. खोलीत पंखा फिरत होता. जयराम जनेलाबाहेर बघत होता. सगुणबाबनी वाकून तिच्या कानात म्हटलं, "कर सही. तुका पाटल्यो करतंय." आणि तिच्या दंडावर हलकेच थोपटलं.

तिने सही केली.

पाटल्या झाल्या. भाट बाजारभावाच्या अर्ध्याला गेलं होतं, हे तिला नंतर कळलं. बाकीचं कसं गेलं ते सांगायला फार वेळ नको. बाल्कांवावर रोज माणसं बसू लागली. कुणाची मुलगी लग्नाची, कुणाचं ऑपरेशन, कुणाला दुकान टाकायचंय. सगुणबाब चेकवर सही करत आणि आलेल्याला दारापर्यंत पोचवत. जयराम दोनदा आला. फोनवरून बँकेचा साहेब म्हणून कुणी हिंदीत गोड बोललं, त्यालाही त्यांनी सगळे आकडे वाचून दाखवले. जानकी आत चहा करत राहिली. कपबशा कमी पडल्या तेव्हा नव्या आणल्या.

साईशला ते कळलं तेही परक्याकडून. डिचोलीहून येताना तो नदीकडे वळला होता, बायकोला भाट दाखवायला. वाटेवर पत्र्याचं फाटक. आतून राखणदार आला आणि हिंदीत म्हणाला, "किससे मिलना है?"

घरात शिरल्यावर तो ओरडला नाही. चपला काढल्या, आईसमोर जमिनीवर बसला.

"तुझी सही असल्याशिवाय ते विकलं जात नाही, आई."

तिने बांगड्या पदराखाली घेतल्या.

"डॉक्टरबाईने विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"माहीत होता."

"मग?"

"तुझ्या बापाशीन पयल्यांदा माका कायतरी दिल्यान," ती म्हणाली. "माका ता आजारपण आसा म्हणून परत करूचा होता?"

पल्लवी दारात उभी होती. ती तोंड फिरवून बाहेर गेली. साईशने बापाच्या कमरेची किल्ली सोडून घेतली, सगुणबाब झोपेत असताना. कपाट रिकामं केलं, बँका पालथ्या घातल्या. दुकानांपैकी एक कसंबसं वाचलं. किल्ली गेल्यावर म्हातारा दिवसभर कमर चाचपत हिंडू लागला, रडू लागला, म्हणून साईशने ती परत बांधून दिली. आता ती किल्ली कुणाच्या हातात आहे याला काही अर्थ उरला नव्हता.

आणि त्याच सुमाराला तो सैल हात मिटला. जसा अचानक उघडला होता तसाच. घड्याळ उलटं फिरावं तसे सगुणबाब मागे मागे जात आपल्या जुन्या जागी येऊन पोचले, आणि मधलं काहीच त्यांना आठवेना. एका सकाळी जानकी चहा घेऊन गेली, तर त्यांनी तिचं मनगट पकडलं.

"ह्यो कोणाच्यो?"

"माझ्यो. तुमीच दिलास."

"मी?" त्यांना हसू आलं. मग राग. "मी? सोन्याच्यो? गो चोरटे, कोणाच्या घरात शिरलस तू? माझी बायल खंय?"

"मीच ती. जानकी."

"तू?" त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बांगड्या, पाटल्या, चांगली साडी. "माझ्या बायलेच्या हातात काचेच्यो आसतत. ती कधी कायच मागणा नाय. ती सोन्यासारखी बायल. येवंदी ती घरात, मगे तुका दाखयतंय!" आणि बाल्कांवावर जाऊन त्यांनी गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "जानकी! अगो जानकी! घरात चोर शिरलो!"

हे रोजचं झालं. तिच्या हातचं जेवत ना. ताट भिरकावत. एकदा काठी मारली ती मनगटावर बसली, पाटली चेपली. सुमंगला कुंपणापलीकडून बघायची आणि आत जायची. पूर्वी हसली होती, आता तेही नाही.

बांगड्या आणि पाटल्या साईशने नेल्या. औषधं, आणि रात्रीला एक माणूस ठेवायचा होता. त्याने मागितल्या नाहीत, तिनेच काढून दिल्या, साबण लावून. लाखाची हिरवी साडी ट्रंकेत तशीच होती. अंथरूण ओलं होऊ लागलं आणि जुनी धोतरं पुरेनात, तेव्हा देवीची क्षमा मागून तिने तीही घडी करून त्यांच्याखाली घातली. साडी नायलॉनची होती. पाणी शोषत नव्हती. सगळं तिच्यावरून घरंगळून गादीत गेलं. तिने ती धुवून पुन्हा ट्रंकेत ठेवली.

मग तिने ट्रंकेतून जुनं पातळ काढलं, विटकं, दोन ठिकाणी शिवलेलं. जत्रेतून काचेच्या बांगड्या आणल्या. कपाळावरचं मोठं कुंकू पुसून बारीक लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कांवाच्या दारात येऊन उभी राहिली, चौकटीला एक हात लावून, जशी सगळा जन्म राहिली होती.

"साखर व्हयी," ती म्हणाली.

सगुणबाबनी मान वर केली. विटकं पातळ बघितलं, काचेच्या बांगड्या बघितल्या. चेहऱ्यावरच्या एकेक रेषा सैल होत गेल्या.

"इलस?" ते म्हणाले. "खंय होतस इतके दीस?" आणि लगेच, सवयीने, "गेल्या आयतवारी हाडलेली ती खंय गेली?"

"संपली."

"संपता कशी? साखरेक पाय फुटतत?"

ते उठले, भिंत धरत माजघरात गेले. पाठ तिच्याकडे करून त्यांनी रिकामं कपाट उघडलं, आत हात घालून चाचपलं, बंद केलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग वळून तिच्या तळहातावर त्यांनी मोजून काहीच ठेवलं नाही, आणि तिची बोटं त्यावर मिटली.

"जपून वापर," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून तिच्या कानाशी वाकले. आवाज बारीक केला. "ती बायल परत इल्ली. सोन्याच्यो बांगड्यो घालून. सगळा मागी होती गो. मी तिका एक पैसो दिवक नाय."

जानकीने मूठ तशीच मिटलेली ठेवली.

"बरा केलात," ती म्हणाली.